स्पेनच्या यादवी युद्धावरची शोध-कादंबरी कशी वाचावी

स्पेनच्या यादवी युद्धाभोवती गेल्या पाव शतकात लिहिल्या गेलेल्या कितीतरी कादंबऱ्यांत युद्ध फारसं दिसतच नाही. दिसतो तो शोध. युद्ध संपून साठ-सत्तर वर्षं झाल्यावर एखादा पत्रकार, एखादी नात किंवा लिहिणं अडलेला एखादा लेखक कशाच्या तरी मागे लागतो. कधी जुना फोटो असतो, कधी अर्धवट ऐकलेली हकिकत, कधी कागदावरचं नुसतं नाव. मग तो म्हातारी माणसं गाठतो, दफ्तरं उपसतो, आणि शंभरएक पानांनंतर त्याच्या हाती एकाच प्रसंगाच्या तीन न जुळणाऱ्या हकिकती उरतात. इथे बरेच वाचक पुस्तक मिटतात. रहस्यकथा समजून वाचणाऱ्याला उत्तर मिळत नाही म्हणून चीड येते. इतिहास समजून वाचणाऱ्याचा कोण कुठल्या पक्षाचा याचाच गोंधळ उडतो.

माझं म्हणणं असं, की या कादंबऱ्यांना ‘नेमकं काय घडलं?’ हे आधी विचारूच नये. आधी विचारावं, ‘ही गोष्ट निवेदकापर्यंत आली कुठल्या वाटेने?’ कुणी पाहिली, कुणाला सांगितली, कधी सांगितली, आणि सांगताना त्याला काय गमावायची भीती होती. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच प्रश्नासाठी आहेत. सोबत पेन्सिल आणि कोरी वही घ्या.

पायरी १ : मोजक्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर

जाडजूड इतिहास वाचून मग कादंबरीला हात घालायचा, असा बेत करू नका. तो बेत तडीला जात नाही. एवढं पुरतं: एप्रिल १९३१ मध्ये राजा देश सोडून गेला आणि दुसरं प्रजासत्ताक आलं. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या आणि प्रजासत्ताकवादी पक्षांची आघाडी जिंकली. १७-१८ जुलै १९३६ ला लष्कराच्या एका गटाने बंड केलं, सुरुवात स्पेनच्या ताब्यातल्या मोरोक्कोत झाली. बंड माद्रिद आणि बार्सेलोनात फसलं, सेव्हिलमध्ये यशस्वी झालं, आणि देश दोन तुकड्यांत फाटला. १ एप्रिल १९३९ ला बंडखोरांचा नेता जनरल फ्रँको याने युद्ध संपल्याचं जाहीर केलं. २० नोव्हेंबर १९७५ ला, हुकूमशहा असतानाच, तो मेला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा झाला. त्याने राजकीय कैदी सुटले आणि जुन्या राजवटीतल्या गुन्ह्यांवर खटले चालवण्याची वाटही बंद झाली. २००७ मध्ये युद्ध आणि हुकूमशाहीतल्या बळींसाठी ऐतिहासिक स्मृतीचा कायदा आला आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी लोकशाही स्मृतीचा.

१९७७ या आकड्याखाली दोन रेघा मारा. न्यायालयाने ज्या प्रकरणात हात घालायचा नाही असं ठरलं, त्याचा पंचनामा पुढे कुणीतरी करणारच होतं. न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी २००८ मध्ये फ्रँको काळातल्या बेपत्ता माणसांचा तपास उघडला, तेव्हा त्यांच्यावरच अधिकार ओलांडल्याचा खटला भरला गेला. २०१२ मध्ये त्या आरोपातून ते सुटले, पण तपास तिथेच थांबला. कादंबरीतला निवेदक पदरमोड करून, रजा काढून, बायकोची बोलणी खाऊन गावोगाव का हिंडतो, याचं उत्तर या पार्श्वभूमीत आहे.

पायरी २ : गाव कुणाच्या ताब्यात होतं, आणि कधी

पक्षांच्या आद्याक्षरांत अडकू नका. प्रजासत्ताकाच्या बाजूला समाजवादी, कम्युनिस्ट, अराज्यवादी, कॅटलान आणि बास्क स्वायत्ततावादी होते, आणि मे १९३७ मध्ये बार्सेलोनाच्या रस्त्यांवर यांतलेच काही एकमेकांवर गोळ्या झाडत होते. बंडखोरांच्या बाजूला लष्कर, फॅसिस्ट धर्तीचा फालांखे पक्ष, राजेशाहीवादी आणि चर्चचा मोठा भाग. त्यांना जर्मनी आणि इटलीची मदत, प्रजासत्ताकाला सोव्हिएत संघाची. ब्रिटन आणि फ्रान्स ‘हस्तक्षेप नको’ म्हणत बाजूला उभे. एवढं ठाऊक असलं की पुरे.

त्यापेक्षा गावाचं नाव आलं की ते कधी पडलं ते बघा. सेव्हिल पहिल्याच दिवसांत बंडखोरांच्या हाती गेलं. बादाखोस ऑगस्ट १९३६ मध्ये, मालागा फेब्रुवारी १९३७ मध्ये, बिल्बाओ जून १९३७ मध्ये, बार्सेलोना जानेवारी १९३९ मध्ये आणि माद्रिद अगदी शेवटी, मार्च १९३९ च्या अखेरीस. सेव्हिलच्या पात्राच्या आठवणीत युद्धाची आघाडीच नसते. रात्री दारावर पडलेली थाप असते. बार्सेलोनाच्या पात्राच्या आठवणीत बॉम्बहल्ले असतात, आपसातली मारामारी असते आणि शेवटी बर्फातून फ्रान्सच्या सीमेकडे चालत जाणं असतं. १९३९ च्या सुरुवातीला जवळपास ५ लाख माणसं अशी सीमेपलीकडे गेली, आणि आर्जेलेस-स्युर-मेरसारख्या ठिकाणी समुद्रकाठच्या वाळूवर काटेरी तारांच्या छावण्यांत अडकली. तेव्हा दोन साक्षीदारांचं ‘युद्ध’ जुळत नसेल, तर दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आधी तपासा.

एक बारीकसारीक पण उपयोगी गोष्ट: स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं. पात्रांची यादी करताना दोन्ही लिहा. कोण कुणाचा मामेभाऊ, कुणाला पकडून दिलं त्याच्याच घरात पुढे कोण सून म्हणून गेली, हे लेखक कित्येकदा दुसऱ्या आडनावात लपवतो.

पायरी ३ : तीन काळ वेगळे करा

प्रत्येक प्रकरणाच्या समासात तीन अक्षरांपैकी एक लिहा. ‘घ’ म्हणजे घटना घडली तो काळ, ‘सां’ म्हणजे ती पहिल्यांदा सांगितली गेली तो काळ, ‘शो’ म्हणजे निवेदक शोध घेतो तो काळ. एकाच प्रकरणात काळ एकत्र आले तर ती सगळी अक्षरं लिहा. तीस-चाळीस पानांतच लक्षात येईल, की निम्म्या अडचणी मधल्या काळात आहेत. १९३८ मध्ये घडलेली गोष्ट १९४० मध्ये पोलिसांसमोर सांगितली गेली, की १९७६ मध्ये वार्ताहराला, की २००० मध्ये वृद्धाश्रमात? माणूस तोच, प्रसंग तोच, पण तीन साक्षी वेगळ्या होणारच.

वयाचाही हिशोब ठेवा. १९३६ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस फ्रँको मेला तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता आणि २००० मध्ये ८४ वर्षांचा. त्यामुळे २००० च्या आसपास घडणाऱ्या कादंबरीत बोलणारा साक्षीदार बहुधा तेव्हा लहान मूल तरी होता किंवा नुकता भरती झालेला पोरगा. निर्णय घेणारी माणसं केव्हाच गेलेली. निवेदक हे लपवत असेल तर तो वाचकाशी खेळतोय; उघड सांगत असेल तर त्याच्यावर थोडा जास्त भरवसा ठेवायला हरकत नाही.

पायरी ४ : गोष्टीची वंशावळ काढा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून एका खऱ्या प्रसंगावर हात बसवून घेऊ.

१२ ऑक्टोबर १९३६, सालामांका विद्यापीठाचं सभागृह. शहर बंडखोरांच्या ताब्यात. व्यासपीठावर कुलगुरू आणि लेखक मिगेल दे उनामुनो, फ्रँकोची पत्नी, आणि स्पेनच्या ‘फॉरिन लीजन’ या लष्करी तुकडीचा संस्थापक जनरल मियान आस्त्राय. उनामुनोंनी सुरुवातीला या बंडाला पाठिंबा दिला होता, हे विसरू नका. समारंभात खटका उडाला, उनामुनो बोलले, जनरल ओरडला. ‘तुम्ही जिंकाल, पण पटवू शकणार नाही’ या आशयाचं त्यांचं भाषण पुढे जगभर गाजलं. सभागृहातलं उत्तर-प्रत्युत्तर शब्दशः पुस्तकांत छापलं गेलं.

आता वंशावळ. भाषणाचं ध्वनिमुद्रण नाही. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वृत्तपत्रांत बाकीची भाषणं आली, उनामुनोंचे ते शब्द आले नाहीत. जगाने वाचलेलं भाषण १९४१ मध्ये लंडनच्या एका साहित्यिक मासिकात आलं. लिहिणारे लुइस पोर्तियो हे निर्वासित प्राध्यापक, आणि ते त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांनी प्रसंग साहित्यिक ढंगाने उभा केला होता. पुढे इतिहासाच्या पुस्तकांनी तो जसाच्या तसा उचलला. २०१८ मध्ये सालामांका विद्यापीठाचे ग्रंथपाल सेवेरियानो देल्गादो यांनी हा सगळा प्रवास मांडला, तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘उनामुनो ते बोललेच नाहीत’ अशी आरोळी उठली.

तेही घाईचंच. कारण वंशावळीत आणखी एक कागद आहे. शहरातल्या एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाला अटक झाली होती आणि त्याच्या पत्नीने मदतीसाठी उनामुनोंना पत्र लिहिलं होतं. समारंभात बसल्या बसल्या त्याच पत्राच्या पाठीवर उनामुनोंनी भाषणासाठी तुटक टिपणं केली. त्यांत जिंकणं आणि पटवणं हे शब्द शेजारी शेजारी आहेत. म्हणजे गाभा त्याच दिवशीचा, वाक्यं पाच वर्षांनंतरची आणि दुसऱ्याची. त्यांना कुलगुरूपदावरून काढलं गेलं, आणि १९३६ च्या शेवटच्या दिवशी घरीच नजरकैदेसारख्या अवस्थेत ते वारले, हेही कागदोपत्री पक्कं आहे.

कादंबरीतल्या मध्यवर्ती प्रसंगाची अशीच वंशावळ वहीत काढा. मधोमध प्रसंग लिहा, आणि त्याच्याकडून निवेदकाकडे येणारी प्रत्येक कडी: प्रत्यक्ष पाहणारा, त्याने ज्याला सांगितलं तो, त्याने जे लिहून ठेवलं ते, ज्या मुलाने लहानपणी जेवताना ऐकलं तो. प्रत्येक कडीशेजारी साल लिहा. जिथे साल लिहिता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह. मग प्रसंगाचं वर्णन परत वाचा. पावसाचा थेंब, सैनिकाच्या डोळ्यांतला भाव, ओठांवरचं गाणं यांतलं काय या कड्यांतून येऊ शकलं असतं आणि काय निवेदकाने घातलं? घातलेल्या गोष्टींना खोटं म्हणू नका. त्या का घातल्या ते विचारा. मला तर या कादंबऱ्यांचा खरा नायक पुष्कळदा त्या घातलेल्या ओळींतच सापडतो.

पायरी ५ : कागद कुणी केला ते बघा

निवेदक दफ्तरखान्यात गेला की वाचक निःश्वास सोडतो: चला, आता पुरावा मिळाला. स्पेनच्या बाबतीत इथेच सावध व्हायचं. सालामांकामधला यादवी युद्धाचा प्रसिद्ध दस्तऐवजसंग्रह जन्माला आला तो फ्रँकोच्या सैन्याने जप्त केलेल्या कागदांतून. शहर पडलं की पक्ष कचेऱ्या, कामगार संघटना, वृत्तपत्रं यांची दफ्तरं उचलायची, नावांची कार्डं करायची आणि त्या माणसांना गाठायचं, हा त्यामागचा हेतू. हरलेल्यांच्या आयुष्याचा पुरावा टिकला तो त्यांना शिक्षा करण्यासाठी जपला म्हणून.

१९४० मध्ये फ्रँको सरकारने ‘काउसा हेनेराल’ नावाची देशव्यापी चौकशी सुरू केली. प्रजासत्ताकाच्या भागात झालेले खून, छळ, चर्चची जाळपोळ यांच्या जबान्या तीत आहेत. बरेचसे गुन्हे खरेही आहेत. पण दुसऱ्या बाजूने केलेल्या कत्तलींना त्या कागदांत जागाच नव्हती. आणि लष्करी न्यायालयांचा उफराटा न्याय असा, की कायदेशीर सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्यांवरच ‘बंडाला मदत’ केल्याचा आरोप ठेवला गेला. कादंबरीत आरोपीने ‘मी अमुक गटाचा कधीच नव्हतो’ अशी जबानी दिली असेल, तर ती फाशी डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

मृत्यूचे दाखले तर स्वतंत्र प्रकरण. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांना ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रनादाजवळ गोळ्या घालून मारलं. १९४० मध्ये नोंदवलेल्या दाखल्यावर मृत्यूचं कारण युद्धप्रसंगी झालेल्या जखमा असं आहे. दाखला अस्सल, सही-शिक्क्याचा, आणि तरी मुद्द्याची गोष्ट त्याने झाकलेली. म्हणून प्रत्येक कागदाजवळ समासात दोन शब्द लिहा: कुणी केला, कशासाठी.

पायरी ६ : साक्षीदाराचं गप्प राहणंही नोंदवा

फ्रँकोच्या राज्यात हरलेल्यांच्या घरी मुलांसमोर या गोष्टी बोलत नसत. केस भादरलेल्या, एरंडेल पाजून गावातून धिंड काढलेल्या बायकांनी तर पुढे स्वतःच्या लेकींनाही सांगितलं नाही. मिखास गावचे माजी नगराध्यक्ष मानुएल कोर्तेस स्वतःच्या घरात तीस वर्षं लपून राहिले आणि १९६९ मध्ये सरकारने युद्धकाळातले गुन्हे कालबाह्य ठरवल्यावरच बाहेर आले. मुलगी डोळ्यांदेखत वाढली, पण बाप घरात आहे हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. अशा घरात वाढलेलं पात्र ‘मला काही आठवत नाही’ म्हणतं, तेव्हा ते विस्मरण आहे असं गृहीत धरू नका. कुणी कुठे गप्प झालं, कुठे विषय बदलला, कॉफी करायला कोण उठलं, याची वहीत वेगळी नोंद करा. निवेदक पुरुष असेल तर बायकांची साक्ष किती पानं आहे तेही मोजा. आकडा बहुतेक वेळा लाजिरवाणा असतो.

उलट बाजूही बघायला हवी. एन्रिक मार्को हा गृहस्थ नाझी छळछावणीतून वाचल्याचं वर्षानुवर्षं शाळाशाळांतून सांगत असे. माउथाउझेन छावणीतल्या स्पॅनिश कैद्यांच्या संघटनेचा तो अध्यक्षही झाला. २००५ मध्ये इतिहासकार बेनितो बेर्मेखो यांनी कागदपत्रांवरून दाखवलं, की तो जर्मनीत कामगार म्हणून आपणहून गेला होता आणि तसा छावणीकैदी कधी नव्हता. त्याचं बोलणं लोकांना आवडत असे, कारण ते ओघवतं होतं, धीरोदात्त होतं, ऐकणाऱ्याला हवं ते नेमक्या जागी देत होतं. कादंबरीतली एखादी साक्ष तुम्हाला फार भावली, तर तिथेच पेन्सिल टेकवा. अडखळणाऱ्या साक्षीला नको तितकी शंका आणि गोळीबंद साक्षीला नको तितका विश्वास, ही वाचकाची खोड लेखकाला ठाऊक असते.

फोटोबद्दल थोडक्यात. गोळी लागून कोसळणाऱ्या सैनिकाचं रॉबर्ट कापाचं सप्टेंबर १९३६ चं छायाचित्र दशकानुदशकं सेरो मुरियानो इथलं म्हणून छापलं गेलं. पुढे मागच्या डोंगररेषा जुळवून अभ्यासकांनी ती जागा एस्पेखो असल्याचं दाखवलं, म्हणजे बरंच दूरचं गाव. त्यातून क्षण खरा की उभा केलेला हा वाद आणखी पेटला. कादंबरीत फोटोचं वर्णन आलं, की चित्रात काय दिसतं आणि फोटोखाली काय लिहिलंय, या दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या.

पायरी ७ : ‘दोन्ही बाजू सारख्याच’ या वळणावर थांबा

वाचनगटात चर्चा हमखास इथे येऊन बसते. दोन्हीकडे अत्याचार झाले हे खरंच आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये माद्रिदजवळ पाराकुएयोस इथे प्रजासत्ताकाच्या ताब्यातल्या हजारो कैद्यांना मारलं गेलं; हजारो धर्मगुरू मारले गेले. इतिहासकारांच्या अंदाजांत प्रजासत्ताकाच्या भागात आघाडीपासून दूर मारलेल्यांचा आकडा सुमारे ५०,००० येतो, बंडखोरांच्या बाजूने मारलेल्यांचा १ लाखाच्या बराच वर. त्याखेरीज युद्ध संपल्यावरही फाशी आणि गोळीबार चालूच राहिले. पहिल्या गटातल्या मृतांची नावं चर्चच्या भिंतींवर कोरली गेली, दुसऱ्या गटातले रस्त्याकडेच्या खड्ड्यांत राहिले.

कादंबरी शत्रूतला माणूस दाखवते तेव्हा ती हा हिशोब पुसतेय का, हे तपासायला एक साधी रीत आहे. पुस्तकात मेलेल्यांपैकी नाव असलेले आणि बिननावाचे असे दोन रकाने करा. कुठल्या बाजूची माणसं कुठल्या रकान्यात जातात ते बघा, आणि मग वाद घाला. गेर्निकाची आठवण ठेवा: २६ एप्रिल १९३७ ला जर्मन आणि इटालियन विमानांनी ते गाव जाळलं, आणि फ्रँकोच्या बाजूने ‘पळणाऱ्या लाल लोकांनीच आग लावली’ हे वर्षानुवर्षं अधिकृत सत्य म्हणून सांगितलं. ‘प्रत्येकाचं आपापलं सत्य’ हे वाक्य तिथे चालत नाही. विमानं आली होती.

पायरी ८ : न सुटलेला शेवट

२००० मध्ये एमिलिओ सिल्वा या पत्रकाराने आजोबांच्या शोधात प्रिआरांसा देल बिएर्सो इथला खड्डा उघडवला. १३ सांगाडे निघाले, आणि पुढे डीएनए चाचणीने आजोबांची ओळख पटली. लोर्कांसाठी २००९ मध्ये ग्रनादाजवळच्या आल्फाकारला खोदलं, तर मानवी अवशेषच सापडले नाहीत. खऱ्या शोधांचे शेवट असे दोन्ही तऱ्हांचे आहेत, म्हणून कादंबरीचा शेवट उघडा राहिला की तो कच्चा आहे असं लगेच म्हणू नका. आधी वंशावळीचं पान उघडा. निवेदकाने सगळ्या कड्या चाचपल्या आणि तरी एक हाती लागली नाही, तर शेवट प्रामाणिक आहे. त्याने एखादी कडी सोयीसाठी सोडली असेल, उदाहरणार्थ जिवंत असलेल्या बहिणीला भेटायलाच गेला नसेल, तर त्याला जाब विचारा. आणि शेवट फारच नेटका जुळला, हवा होता तोच म्हातारा हव्या त्या गावात सापडला, तर शेवटची वीस पानं पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा. निवेदक तिथे विधानार्थी क्रियापदं सोडून ‘असेल’, ‘असावा’, ‘झालं असणार’ यांच्याकडे कुठल्या ओळीपासून वळला, ती ओळ शोधून वहीत पान क्रमांकासह लिहा. गटात चर्चेची सुरुवात त्या ओळीपासून करा.